कालाचे मोल



भाषांतरकाराच्या वाट्याला काही शब्द असे येतात की, पुस्तक छापून झाले तरी ते पाठ सोडीत नाहीत. संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वेळेविषयी एक उपदेश आहे. प्रचलित मराठी भाषांतरात तेथे ‘सदुपयोग’ हा शब्द योजलेला आढळतो. तो चुकीचा नव्हे. परंतु मूळ ग्रीक क्रियापद बाजारातले आहे. किंमत मोजून सोडवून घेणे, असा त्याचा भाव. शिवाय घड्याळाने मोजावयाच्या काळाला ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणतात; पौलाने लिहिले आहे ‘कैरोस’, म्हणजे नेमकी घटका. आपण ‘वेळ साधली’ म्हणतो, तेव्हा आपल्या मनात हाच अर्थ असतो.

हा भेद पुसट झाला, आणि ख्रिस्ती राष्ट्रांतच वेळेची निराळी कल्पना रूढ झाली. वेळ म्हणजे पैसा, असे बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ मध्ये तरुण व्यापाऱ्याला बजावले. प्युरिटन उपदेशकांच्या लेखी कालापव्यय हे घोर पातक होते, असे माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये दाखवून दिले. क्षणाक्षणाचा जमाखर्च ठेवणारी ही वृत्ती उद्योगधंद्याला पोषक खरी. पण अवचित दाराशी आलेल्या माणसासाठी तिच्या वहीत रकाना नसतो.

आपल्या मुलुखातलेच उदाहरण पाहा. येथून सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून तिकडे निघाले. आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना अदबीने जागा दिली. संस्कृत काव्यावरून निघालेले बोलणे धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ग्रंथ प्रथम रुचला नाही. दिलेल्या शब्दाखातर ते वाचीत राहिले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना तो खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

प्रवासातले ते दोन-चार तास काटकसरी हिशेबनीसाने वाया गेलेलेच धरले असते. टिळकांनी मात्र ते पुढे किंमत देऊन सोडविले. आप्तेष्ट दुरावले, घर मोडले, पत्नीचा कित्येक वर्षे वियोग घडला. ही किंमत त्यांनी एकट्यानेच दिली असेही नाही. लक्ष्मीबाईंना न विचारता ती त्यांच्याही पदरातून घेतली गेली. चरित्रकारांच्या भक्तिभावात ही गोष्ट झाकली जाऊ नये, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

घटका साधणे म्हणजे अखंड धावपळ, असाही अर्थ कोणी घेऊ नये. ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी १८६८ मध्ये रायपूरला आले आणि त्यांनी या प्रदेशात वसविलेल्या गावाला ‘बिश्रामपूर’, विश्रांतीचे नगर, असे नाव दिले. सहा दिवस श्रम आणि सातवा विसाव्याचा, ही बायबलमधील व्यवस्था आहेच. मिशनरी वसाहतीने कामाऐवजी विसाव्याचे नाव घ्यावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

टिळकांकडे परत येऊ. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. आपल्या हाती अवघी दोन वर्षे उरली आहेत, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी थांबलेले होते. ते हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, अक्षरओळख पतीकडून झालेली, वय पन्नाशीचे. संसारात स्वतःची म्हणावी अशी घटका ज्या बाईला क्वचितच लाभली, तिने याच काळात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि ‘ख्रिस्तायना’चे आणखी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो १९३८ मध्ये.