दाखला आणि पाहुणा
(ज्युबिलीच्या मिस्सेनंतर धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या वतनावर परतावे, अशी इस्राएल लोकांस परमेश्वराची आज्ञा होती. आज मात्र मला वतन सोडून जाऊ इच्छिणाऱ्यांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. आपल्या धर्मग्रामातील काही मुलींनी अध्यापनाची पदवी मिळविली आहे, आणि परदेशी शाळांत शिकवावे अशी त्यांची मनीषा आहे. दारातच त्यांस प्रश्न पडतो : ‘आपण तेथील रहिवासी नाही, मग शिक्षक म्हणून आपले नाव तेथे नोंदले कसे जाणार?’

हा प्रश्न किनवटास नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. संस्थानी काळात पैनगंगेच्या या तीरावर निजामाचा अंमल, तर पैलतीरी इंग्रजांचा. निजाम सरकारच्या १९१९ सालच्या मुल्की नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्या मनुष्यास सरकारी चाकरी हवी असल्यास त्याने संस्थानात निदान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे, आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार आपण सोडला आहे, असे मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञेवर लिहून द्यावे, असा दंडक होता. पुण्याकडील मास्तर आपलीच मराठी बोले, तरी कागदाच्या लेखी तो गैरमुल्कीच ठरे. मुलांस मुळाक्षरे शिकविण्यासाठी आपल्या आईच्या गावाची आशा सोडावयाची, ही अट लहान नव्हे.

तथापि त्या नियमास केवळ जुलूम म्हणणे न्यायाचे होणार नाही. बाहेरच्यांनी जागा बळकावल्यास येथल्या गरिबाच्या शिकलेल्या मुलाने जावे कोठे, ही व्यथाही खरी होती. १९४८ नंतर पुष्कळ परप्रांतीय नोकरीस आले. त्यांतील काहींनी खोटे मुल्की दाखले मिळविल्याची तक्रार झाली. १९५२ साली वरंगळच्या विद्यार्थ्यांनी गैरमुल्की शिक्षकांविरुद्ध चळवळ उभारली, ती हैदराबादेस पोहोचली, आणि सप्टेंबरात तेथे गोळीबार होऊन तरुण प्राणांस मुकले. खोटा दाखला हा निरुपद्रवी कागद नव्हे. त्याने कोणाची तरी जागा हिरावली जाते, आणि खऱ्या दाखल्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

आता माझा एक दोष आपणांपुढे कबूल करितो. काही वर्षांपूर्वी आपली एक भगिनी सायंकाळी माझ्याकडे आली. एका दलालाने परदेशातील वास्तव्याचा कागद करून देतो म्हणून तिच्या वडिलांकडून पैसे घेतले होते. त्यासाठी शेत गहाण पडले होते. आता तिने येथील शाळेत कित्येक वर्षे शिकविले, असे खोटे पत्र माझ्याकडून हवे होते. मी नकार दिला. ती रडत गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. नकार योग्यच होता. परंतु सरळ मार्ग कोणता, हे मला ठाऊक नव्हते, आणि ते शोधण्याची तसदीही मी घेतली नव्हती. ती आज आपल्याच तालुक्यात शिकविते. शेत सोडविण्यास त्या घरास सहा वर्षे लागली. तिच्या अनुमतीनेच हे सांगतो.

त्यानंतर जे शिकलो ते ऐका. शिक्षक म्हणून मान्यता आणि त्या देशात राहण्याचा परवाना, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दलाल त्या एकत्र करून भोळ्या माणसांस फसवितो. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून गणित, विज्ञान व भाषा हे विषय अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांस शिकविण्यास पात्र असलेल्या भारतीय शिक्षकांस मान्यतेचा अर्ज करण्याची वाट मोकळी केली आहे. त्या अर्जास तेथील रहिवासाचा दाखला लागत नाही. पाहिली जाते ती पदवी, अनुभव आणि वर्तणूक. मात्र ती मान्यता म्हणजे व्हिसा नव्हे. तो निराळा मिळवावा लागतो. पोलिसांचा दाखला आपल्याच पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, व पदवीपत्र प्रमाणित करण्याची सोय आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. यांपैकी एकाही कागदासाठी खोटे बोलावे लागत नाही.

कागद तुच्छ मानू नका. यरुशलेमात फटके बसण्याची वेळ आली, तेव्हा संत पौलाने आपले रोमी नागरिकत्व स्पष्ट सांगितले. संत योसेफही नावनोंदणीसाठी बेथलेहेमास गेला. परंतु पुढे तोच योसेफ बाळास व मातेस घेऊन रातोरात मिसर देशी निघाला, तेव्हा त्या परक्या मुलखात त्यांस ओळखणारे कोण होते? तरीही कोणीतरी त्यांस थारा दिला असेलच.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त माझ्या दोन विनंत्या आहेत. परदेशी जाणाऱ्याने दलालास एक रुपया देण्याआधी आपले कागद घेऊन रविवारी मिस्सेनंतर माझ्याकडे यावे; आपण ते मिळून वाचू. आणि दूरच्या प्रांतातून येथे शिकविण्यास वा मजुरीस जो येईल, त्यास ‘तू कोठला?’ असे विचारण्यापूर्वी ‘जेवलास काय?’ असे विचारावे. सरकारने दाखला पाहावा, ते त्याचे काम आहे. आपण माणूस पाहावा.

पवित्र कुटुंब आपल्या सर्व प्रवाशांचे रक्षण करो. आमेन.