पिशवी काढणं हा काही बचाव नव्हे

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ हे ऐकून परत येते. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांमध्ये काम करताना हे वाक्य मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलं आहे. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त ऊसतोडणी कामगार बायकांची पिशवी काढलेली आढळली. म्हणून आज मी कॅन्सरविषयी बोलणार आहे ते भीती घालायला नव्हे, तर अज्ञानावर चालणारा हा धंदा ओळखायला.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून तो पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की तो झाला म्हणजे बाई ‘तसली’, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काही जणींमध्ये टिकून राहतो आणि पेशी बदलायला लागतात. त्यातून कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात. म्हणजे निसर्ग आपल्याला भरपूर वेळ देतो, व्यवस्था मात्र तो वाया घालवते.

या काळात बदल सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी जागेवर राहते.

हे ज्ञान कुठून आलं? बरंचसं आपल्याच बायकांकडून. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या कार्यकर्त्या सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करत. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तुलनेसाठी ज्यांना तपासणीविना ठेवलं, त्या बायका कोण होत्या? गरीब, खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या. यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्तच होती. त्यांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान जगाने वापरलं. आपल्याकडे मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. हे त्या बायकांचं देणं आहे आणि ते अजून फिटलेलं नाही.

लसही आहे. पुण्यात तयार झालेल्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. कोवळ्या वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तर ती उत्तम काम करते. तिला आमचा विरोध नाही. पण २००९ मध्ये आंध्रातल्या लसीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डननी सह्या केल्या होत्या, हे आम्ही विसरणार नाही. लस द्या, पण आधी मुलीला आणि आईबापांना नीट समजावून सांगा. आणि लस घेतली तरी पुढे तपासणी लागतेच.

ज्यांना कॅन्सर झालाच आहे त्यांनीही हात टेकू नयेत. किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी हा प्रस्थापित उपचार आहे. त्याआधी सहा आठवडे केमोथेरपी दिल्याने जास्त बायका वाचतात, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्यात भारतातल्या बायकाही होत्या. पण किरणोपचाराचं यंत्र शहरात आणि बाई फडावर! बुडालेली मजुरी, एस.टी.चं भाडं, लेकरांना कोण सांभाळणार, या प्रश्नांपाशीच उपचार अर्धवट सुटतात.

तेव्हा मागणी साधी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची एचपीव्ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत व्हावी. नमुना बाईला स्वतःच घेता येतो, त्यामुळे लाजेचं कारण उरत नाही. दोष निघाला तर उपचार जवळच मिळावेत. आणि संबंधानंतर रक्त गेलं, पाळी थांबल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर थांबू नका, तपासून घ्या.

आणि कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी विचारा, ‘तपासणीचा कागद कुठाय?’ एकटीने विचारायची भीती वाटली, तर चौघी मिळून जा.