मोबाईलची बॅटरी आणि टिकाऊपणाचे अर्थशास्त्र

(महाराष्ट्रातून अभ्यास-सहलीसाठी आलेले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी व स्थानिक मराठी कुटुंबे यांच्यासमोर तंजावर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी आपण सर्वांनी बृहदीश्वराचे मंदिर पाहिले. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आपण थांबून वाचण्याचा प्रयत्न केलात, हे मी पाहिले. परंतु त्याच मंदिराच्या जोत्यावर त्याहून आठशे वर्षे जुने, पहिल्या राजराज चोळाच्या काळातील तमिळ लेख आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते आवर्जून अभ्यासावेत. मंदिरातील नंदादीप अखंड तेवत राहावा यासाठी दिलेल्या देणग्यांची त्यांत नोंद आहे. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या मेंढपाळाच्या हवाली करावयाच्या आणि त्याने रोज एक उळक्कु माप तूप मंदिरास पोहोचवावयाचे, असा तो व्यवहार. या मेंढ्यांना चोळकालीन लेखांत जे विशेषण लावलेले आढळते त्याचा अर्थ होतो 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या'. मेंढी तर मरतेच. पण मेलेल्या मेंढीच्या जागी तिच्याच पिलावळीतील मेंढी धरून कळपाची संख्या कायम ठेवण्याची जबाबदारी मेंढपाळावर होती. भांडवल, त्याचा घसारा आणि घसाऱ्याची तरतूद या तिन्ही संकल्पना येथे एका वाक्यात आल्या आहेत.

माझ्या आजच्या विषयाशी याचा संबंध असा की, आपणा प्रत्येकाच्या खिशात एक दिवा आहे आणि त्याची मेंढी म्हातारी होते. ती केव्हा म्हातारी होते, तिच्या जागी दुसरी कोण आणि किती खर्चात देणार, याचा करार मात्र आपण फोन विकत घेताना करीत नाही.

बॅटरी का झिजते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपणांस पाठ असेल. तिचे कार्य थोडक्यात असे : चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धन बाजूच्या ऑक्साईडमधून निघून ऋण बाजूच्या ग्रॅफाईटच्या थरांत जाऊन बसतात व वापराच्या वेळी परत येतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाईटच्या पृष्ठभागावर एक पापुद्रा तयार होतो. तो आवश्यकही असतो, परंतु तो हळूहळू जाड होत जातो आणि थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. जेवढे अडकले तेवढी बॅटरीची क्षमता कमी झाली. हा वेग वाढविणाऱ्या मुख्यतः दोन गोष्टी आहेत. एक उष्णता आणि दुसरी म्हणजे बॅटरी दीर्घकाळ पूर्ण भरलेल्या अवस्थेत ठेवणे. कावेरीच्या या खोऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी उशीखाली चार्जिंगला लावून ठेवलेला फोन हे बॅटरीचे आयुष्य कमी करण्याचे उत्तम साधन होय. शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान चार्जिंग ठेवावे, या सल्ल्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. (या विषयात रस असणाऱ्यांनी येथून दक्षिणेस असलेले काराईकुडी नकाशावर शोधावे. तेथील केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेची कोनशिला १९४८ मध्ये बसविण्यात आली आणि १९५३ मध्ये संस्थेचे उद्घाटन झाले. लिथियम-आयन बॅटरीच्या देशी तंत्रज्ञानावर तेथे बरेच काम झाले आहे.)

बॅटरीचे आयुष्य आवर्तनांत मोजतात. शून्यापासून शंभरपर्यंत एकदा, किंवा अर्धी बॅटरी दोनदा, म्हणजे एक आवर्तन. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार स्मार्टफोनच्या बॅटरीत ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. हाच आकडा धरून एक गणित करू. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला दिवसाला ४,००० मिलिअँपिअर-तास एवढा वापर लागतो. त्याच्या फोनची बॅटरी ४,००० ची असेल तर वर्षाला ३६५ आवर्तने होतील आणि ८०० आवर्तने सुमारे २.२ वर्षांत संपतील. बॅटरी ५,००० ची असेल तर २.७ वर्षे आणि ६,००० ची असेल तर ३.३ वर्षे लागतील. म्हणजे मोठी बॅटरी आज संध्याकाळपर्यंत पुरते एवढाच तिचा लाभ नाही. तिची झीजही सावकाश होते. जाहिरातीत पहिला लाभ सांगितला जातो, दुसरा सहसा सांगितला जात नाही.

विजेच्या खर्चाची मात्र चिंता करू नये. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. चार्जरमधील गळती धरून रोज एकदा पूर्ण चार्ज केली तरी वर्षाला नऊ-दहा युनिट होतात. चार्जर बंद ठेवून वीज वाचविण्याचा उपदेश घरोघरी होतो. त्यापेक्षा फोन एक वर्ष अधिक वापरणे हिताचे, कारण फोनवर होणाऱ्या एकूण ऊर्जाखर्चाचा मोठा वाटा तो तयार करण्यातच झालेला असतो.

स्वस्त फोन महाग पडतो का?

आता मुख्य प्रश्न. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. फोन 'अ' १०,००० रुपयांचा असून तो दोन वर्षांनी टाकून दिला जातो. फोन 'ब' १६,००० रुपयांचा असून तो पाच वर्षे चालतो. तिसऱ्या वर्षाअखेर त्यात २,००० रुपयांची नवी बॅटरी घालावी लागते. साधा भागाकार केला तर 'अ' वर्षाला ५,००० रुपयांना पडतो व 'ब' ३,६०० रुपयांना. येथे बहुतेक सल्लागार थांबतात आणि 'चांगली वस्तू घ्या, टिकाऊ घ्या' असे सांगून मोकळे होतात.

परंतु १६,००० रुपये आज कोठून आणावयाचे? शेतमजुराच्या मुलाकडे ते नसतात. ते कर्जाऊ आणावे लागतात, आणि कर्जाला व्याज असते. वार्षिक २४ टक्के व्याज धरून दोन्ही फोनांचा समान वार्षिक खर्च काढल्यास 'अ' सुमारे ६,८६० रुपये आणि 'ब' सुमारे ६,२१० रुपये येतो. फरक १,४०० वरून ६५० वर आला. व्याज दरमहा शेकडा तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के धरले तर 'अ' सुमारे ७,८४० आणि 'ब' सुमारे ७,७००. फरक जवळजवळ नाहीसा झाला. तात्पर्य, गरीब ग्राहक स्वस्त फोन घेतो तेव्हा तो अडाणीपणाने घेतो असे समजण्याचे कारण नाही. त्याला ज्या दराने पैसा मिळतो त्या दराने त्याचे गणित बरोबर असते. डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील अल्प उत्पन्न कुटुंबांच्या अभ्यासातून गरिबांना अधिक किंमत मोजावी लागते हे दाखविले होते. त्याचेच हे आजचे रूप आहे.

येथे तिसरा पर्याय मांडतो. 'अ' हाच १०,००० चा फोन, पण दुसऱ्या वर्षाअखेर त्यात १,५०० रुपयांची नवी बॅटरी घालून तो चार वर्षे वापरला, तर? साधा भागाकार २,८७५ रुपये. आणि दरमहा शेकडा तीन व्याज धरूनही समान वार्षिक खर्च येतो सुमारे ५,५०० रुपये. इतर दोन्ही पर्यायांपेक्षा तो दोन हजारांहून अधिक रुपयांनी कमी आहे. व्याजदर कितीही चढा असला तरी येथे गणित बदलत नाही, कारण दुरुस्तीचा खर्च नंतर येतो व लहान असतो. सधन माणूस टिकाऊपणा विकत घेऊ शकतो. ज्याच्याकडे आगाऊ पैसा नाही त्याला टिकाऊपणा दुरुस्तीतूनच मिळू शकतो. म्हणून फोन निवडताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आधी तीन प्रश्न विचारावेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो : या फोनची बॅटरी आपल्या तालुक्याच्या गावी बदलून मिळते का व किती रुपयांत? सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार? आणि या प्रारूपाचे सुटे भाग किती काळ उपलब्ध राहतील? दुसरा प्रश्न अनेकांच्या ध्यानात येत नाही. बॅटरी नवी आहे पण सॉफ्टवेअर जुने झाले, तर बँकेचे ॲप चालेनासे होते. २०२३-२४ पासून काही कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे अद्यतने देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांच्या बाबतीत हा कालावधी बराच कमी असतो, आणि गरज नेमकी तेथेच अधिक असते.

बाजार हे का सांगत नाही?

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की, वस्तूचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल तर चांगली वस्तू बाजारातून हुसकली जाते. बॅटरीची झीज ही अशीच अदृश्य बाब आहे. दुकानात सर्व फोन १०० टक्केच दाखवितात. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या बॅटऱ्यांबाबत तर ही अडचण अधिकच गंभीर होते. तेथे भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी-खूण पाहणे एवढाच ग्राहकाच्या हाती असलेला उपाय आहे.

उत्पादकाचे हितसंबंध कोणत्या दिशेला असतात याचे एक स्वच्छ उदाहरण उपलब्ध आहे. जुन्या बॅटरीच्या फोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरद्वारे कमी करतो, हे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. टीका झाल्यावर २०१८ साठी बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला गेला. पुढे २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात विक्री अपेक्षेपेक्षा कमी होण्याच्या कारणांमध्ये या स्वस्त बॅटरी-बदलाचाही उल्लेख केला. स्वस्त दुरुस्ती आणि नवी विक्री यांचा संबंध यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी मांडलेला मला आढळला नाही. १९२४ मध्ये विजेच्या दिव्यांचे आयुष्य हजार तासांवर आणण्यासाठी उत्पादकांनी केलेला फीबस करार परीक्षेत विचारला जातो. तथापि प्रत्येक ठिकाणी कट शोधण्याची गरज नाही. ग्राहक ज्याची चौकशी करीत नाही, ते सुधारण्यावर कोणी खर्च करीत नाही, एवढे कारण पुरेसे असते.

या दृष्टीने आपल्या देशात काही पावले पडली आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासंबंधी समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या समितीने आपला अहवाल मे २०२५ मध्ये सादर केला. विजेच्या उपकरणांवर आपण तारे मोजतो, तसा फोन किती सहज दुरुस्त होतो याचा गुणांक ग्राहकास दिसावा, ही त्यामागील कल्पना. फ्रान्सने असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून अमलात आणला होता. माझे मत असे की, हा गुणांक आपल्याकडे सर्वात स्वस्त फोनांवर आधी दिसला पाहिजे. त्यासोबत टाकाऊ बॅटऱ्यांचे नियम (२०२२) व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम वाचावेत. दोन्हींत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व आहे आणि दोन्ही स्वतंत्र नियमावली आहेत, ही गल्लत उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते.

१६ नोव्हेंबर २०१८

हा सर्व हिशेब रुपयांचा झाला. या जिल्ह्यातील लोकांना बॅटरीचे मोल एकदा वेगळ्या प्रकारे कळले. १६ नोव्हेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर 'गज' चक्रीवादळ नागपट्टिनम-वेदारण्यमच्या किनाऱ्यावर धडकले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी व ओरत्तनाडू भागांतील नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब मोठ्या संख्येने पडले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज आली नाही. अशा वेळी परगावच्या मुलाला 'आम्ही ठीक आहोत' असे सांगायचे असेल, मदत कोठे मिळते हे विचारायचे असेल, तर बॅटरीत काय शिल्लक आहे हाच प्रश्न असतो. त्या दिवसांत अर्ध्या क्षमतेवर आलेली जुनी बॅटरी असणे म्हणजे संपर्काचा काळ अर्धा होणे.

म्हणून किनारी जिल्ह्यांतील घरांत एक पॉवर बँक असावी, आणि तिच्यावरील आकडा नीट वाचावा. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने देताना व रूपांतरातील गळती वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ६,००० ते ६,५०० एवढेच हाती येते. ५,००० च्या फोनला ती दोनदा नव्हे, दीडदा पुरते. ती अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवावी आणि वादळाचा इशारा मिळताच पूर्ण भरावी. फुगलेली बॅटरी मात्र, फोनमधली असो वा पॉवर बँकेतली, घरात ठेवू नये व कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ती संकलन केंद्रावर द्यावी, आणि तोपर्यंत तिला टोचू किंवा दाबू नये.