शस्त्रवैद्याचें टांचणयंत्र आणि त्याचीं कुलुपें

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडगांव निंबाळकर हें गांव लागतें. भोंवतीं ऊंस, जवळून वाहणारा नीरेचा डावा कालवा, आणि हंगामांत साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग, असा हा मुलूख. येथील एखाद्या गृहस्थाच्या आंतड्यावर बारामतीस किंवा पुण्यास शस्त्रक्रिया झाली, म्हणजे घरीं परतल्यावर मंडळी बिलाचा कागद पुढें घेऊन बसतात. खोलीचें भाडें समजतें, औषधें समजतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी समजते. परंतु ‘स्टेपलर एक, कार्ट्रिज तीन’ या ओळीपाशीं बोट थांबतें. स्टेपलर तर शाळेच्या कचेरींत कारकुनाच्या टेबलावर पडलेला असतो! कागद टांचावयाच्या त्या चिमट्याचा पोटांतील कामाशीं काय संबंध?

संबंध आहे, आणि तो अगदीं जवळचा आहे. दोन्हींतहि तारेची टांचणी असते, तिचे दोन पाय वस्तूंतून आरपार जातात, आणि पलीकडे असलेल्या लहानशा ऐरणीवर आपटून वळतात. फरक आहे तो निराळ्या ठिकाणीं. कचेरींतील स्टेपलरमधील पिना संपल्या तर कागदावर नुसता वळ उठतो. कारकून कपाळाला आठी घालतो आणि नवी पट्टी भरतो. कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. शस्त्रवैद्याच्या यंत्रांत मात्र टांचण्यांच्या ओळींच्या मधोमध एक धारदार पातें धांवत असतें. एका दाबासरशीं तें यंत्र दोहों बाजूंस टांचतें आणि मध्यें कापतें. टांचण्या संपल्या असतांना पातें मात्र धांवलें, तर काय अनर्थ होईल हें सांगावयास नको. आंतडें दोन्ही टोकांनीं उघडें पडेल. फुप्फुसाची मोठी रक्तवाहिनी असली, तर रक्त आवरावयास मिनिटेंहि मिळणार नाहींत. म्हणून या यंत्राच्या सुरक्षिततेसाठीं ज्या युक्त्या योजिल्या गेल्या, त्यांतील बहुतेक सर्वांच्या मुळाशीं एकच हुकूम आहे: जेथें टांचलें नाहीं, तेथें कापावयाचें नाहीं.

टांके न घालतां आंतडें मिटविण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत छिद्रोदराच्या चिकित्सेंत असें सांगितलें आहे कीं, आंतड्याच्या छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांकडून चावे घ्यावे, आणि चावा बसला म्हणजे धड तोडून डोकें तसेंच राहूं द्यावें. मुंगीचा मिटलेला जबडा हीच ती टांचणी. तिला लोखंडी रूप यावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. बुडापेस्ट येथील हुमेर ह्युल्ट्ल या शस्त्रवैद्यानें व्हिक्टर फिशर या यंत्रकाराच्या मदतीनें १९०८ सालीं पहिलें टांचणयंत्र प्रचारांत आणलें. त्याचें वजन साडेतीन किलोच्या आसपास होतें, आणि तें जुळवून सिद्ध करण्यांत फार वेळ मोडत असे. तरीहि त्यांतील मूळ विचार आजतागायत टिकून आहे. आधीं दाबावें, मग बारीक तारेनें टांचावें; एका ओळींतील फट दुसऱ्या ओळींतील टांचणीनें झांकावी; आणि मिटलेल्या टांचणीला इंग्रजी ‘बी’ या अक्षराचा आकार यावा. या आकारांत मोठी खुबी आहे. टांचणी सपाट दाबली गेली, तर मधला भाग रक्तावांचून मरेल. ‘बी’च्या दोन पोकळ्यांतून मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्या वाहत राहतात, आणि जखम भरून येते.

पुढें हंगेरीच्याच अलादार फॉन पेट्झ यानें १९२१ च्या सुमारास हलकें यंत्र केलें. त्यांत टांचण्यांच्या ओळी यंत्र घाली, आणि मधून कापण्याचें काम शस्त्रवैद्य आपल्या सुरीनें करी. १९३४ सालीं जर्मनींतील उल्म येथील फ्रीडरिश यानें आधींच भरून ठेवलेली, बदलतां येणारी कार्ट्रिज, म्हणजे टांचण्यांचें काडतूसच म्हणा ना, योजिली. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोच्या संस्थेंत या विद्येचा मोठा विस्तार झाला. १९५८ सालीं मार्क रॅव्हिच हा अमेरिकन शस्त्रवैद्य रशियांत गेला असतां त्यानें तीं यंत्रें पाहिलीं आणि एक विकत घेऊन तो मायदेशीं परतला. १९६७ च्या सुमारास अमेरिकेंत तयार कार्ट्रिजचीं यंत्रें बाजारांत आलीं, आणि मग त्यांचा प्रसार जगभर झाला.

जोंवर सुरी शस्त्रवैद्याच्या हातांत होती, तोंवर कापण्यापूर्वीं तो डोळ्यांनीं पाही: टांचण्या बसल्या आहेत कीं नाहींत? पातें यंत्राच्या पोटांत गेलें आणि ही पाहण्याची संधि नाहींशी झाली. तेव्हां तें पाहणें यंत्राच्या अंगीं बाणविणें भाग पडलें. कुलुपें आलीं तीं या कारणानें.

त्यांपैकीं रिकाम्या कार्ट्रिजचें कुलूप मोठें चतुर आहे. निरनिराळ्या कारखानदारांच्या रचनेंत फरक असला, तरी एक नेहमींची रचना अशी असते. नव्या कार्ट्रिजच्या मुळाशीं एक लहानशी पाचर बसविलेली असते. पातें पुढें निघालें कीं या पाचरीच्या आधारानें तें वर उचललें जातें आणि तिला आपल्यापुढें रेटूं लागतें. पाचर टांचण्या वर ढकलीत पुढें जाते व मागोमाग पातें कापीत येतें. म्हणजे टांचणें नेहमीं पुढें, कापणें मागें. धांव पुरी झाल्यावर पातें मागें फिरतें, परंतु पाचर टोकालाच राहते. आतां तीच कार्ट्रिज कोणी पुनः वापरावयास गेला, तर पात्याला आधार देण्यास पाचर जागेवर नसते. पातें खालीं झुकतें आणि एका खांचेंत अडकून बसतें. मूठ कितीहि दाबली तरी तें पुढें सरकत नाहीं. कार्ट्रिज मुळींच बसविलेली नसली तरीहि हेंच घडतें.

बिलांतील तीन कार्ट्रिजांचा उलगडा येथें होतो. एखाद्या पुतण्यानें विचारावें, “डॉक्टरसाहेब, एकदां घेतलेली कार्ट्रिज पुनः भरून चालत नाहीं काय? काकांचा खर्च तेवढाच वांचला असता.” आणि डॉक्टरांनीं सांगावें, “अहो, ती रिकामी झाली हें यंत्राला कळावें म्हणून तर हें कुलूप आहे. तें मोडून वापरूं म्हणतां?” कांहीं यंत्रांची मूठ एकाच रुग्णाच्या एकाच शस्त्रक्रियेंत, कारखानदारानें ठरविलेल्या संख्येपर्यंत, पुनः पुनः वापरतां येते, प्रत्येक दाबाला कार्ट्रिज मात्र नवी. किंमत जड आहे, आणि ती कमी व्हावी अशी इच्छा धरणें रास्तच आहे; परंतु ती काटकसर कुलुपाच्या जागीं करणें हा निव्वळ आत्मघात होय.

दुसरें कुलूप घाईचें आहे. जबडा पूर्ण मिटल्याखेरीज टांचण्या सोडणारी मूठ हलत नाहीं, आणि बहुधा एक निराळी खिटी मुद्दाम सोडावी लागते. म्हणजे चुकून हात दाबला गेला म्हणून यंत्र सुटत नाहीं. गुदाशयाच्या कामासाठीं जें वाटोळें यंत्र असतें, त्यांत एक लहानशी खिडकी असून तींत एक कांटा दिसतो. आंतड्याचीं दोन टोकें योग्य अंतरावर आलीं म्हणजे हा कांटा रंगीत पट्ट्यांत येतो. तो पट्ट्यांत येईपर्यंत कित्येक यंत्रांची खिटी सुटतच नाहीं. शिवाय सरळ यंत्रांत पात्याची धांव टांचण्यांच्या ओळीपेक्षां थोडी आंखूड ठेवलेली असते. कापलेल्या रेघेच्या शेवटाला टांचण्यांचें कुंपण राहावें, हा त्यांतील हेतु.

येथपर्यंत यंत्राची शहाणीव झाली. परंतु एक गोष्ट अशी आहे कीं ती कुलुपाला कळत नाहीं, आणि खरा धोका तेथेंच आहे. ती म्हणजे जाडी. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसास हें चटकन् समजेल. चरकाच्या लाटांमध्यें अंतर फार ठेवलें, तर चिपाडांत रस तसाच राहतो. फार कमी ठेवलें, तर ऊंस अडकतो. पूर्वीं बैल थबकत, आतां इंजिन गुरगुरतें. टांचणीचेंहि तसेंच. जठराची भिंत जाड, लहान आंतड्याची मध्यम, रक्तवाहिनीची पातळ. म्हणून कार्ट्रिजा रंगानें ओळखल्या जातात. साधारणतः पांढऱ्या कार्ट्रिजच्या टांचणीचे पाय अडीच मिलिमीटर उंच असून ती मिटल्यावर एक मिलिमीटर होते. निळीचे साडेतीन व मिटल्यावर दीड. हिरवीचे चार मिलिमीटरांहून जास्त व मिटल्यावर दोन. सर्व कारखानदारांचे रंग व मापें तंतोतंत सारखीं नसतात, हेंहि ध्यानांत ठेवावयास हवें. जाड भिंतीवर पांढरी वापरली, तर पाय पलीकडे पुरते पोंचत नाहींत आणि ‘बी’ होत नाहीं. पातळ वाहिनीवर हिरवी वापरली, तर टांचणी सैल राहते आणि रक्त झिरपतें. दोन्ही वेळां कार्ट्रिज नवीच असते, जबडा मिटलेलाच असतो; सर्व कुलुपें समाधानानें उघडतात, आणि पातें आपलें काम करून जातें. सूज आलेलें किंवा क्ष-किरणांच्या उपचारानें ताठर झालेलें आंतडें तर निवडणाऱ्यालाहि चकवितें. जबड्यांत पूर्वींची एखादी धातूची क्लिप सांपडली, तरी टांचण्या वेड्यावांकड्या होतात.

पूर्वीं पोट उघडून काम होई, तेव्हां जाडीचा अंदाज शस्त्रवैद्याचीं बोटें घेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें तो स्पर्श दुरावला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीनें पित्ताशय काढलें, आणि त्यानंतर ही पद्धति देशांत झपाट्यानें पसरली. रुग्णाला तिचे फायदे फार. परंतु लांब नळीच्या टोकाशीं असलेला जबडा काय पकडतो आहे, हें आतां पडद्यावर पाहून ठरवावें लागतें. नव्या विजेच्या यंत्रांत मोटर स्वतः दाब ओळखून गति मंद करते किंवा थांबते. ही त्या हरवलेल्या बोटांची कांहींशी भरपाई. तरीहि जाणते शस्त्रवैद्य जबडा मिटल्यावर लगेच मूठ दाबीत नाहींत. कांहीं सेकंद थांबतात, म्हणजे भिंतींतील पाणी बाजूस सरून ती पातळ होते. वाटोळ्या यंत्राचें काम झाल्यावर त्यांतून कापलेलीं दोन कडीं निघतात. तीं अखंड आहेत कीं नाहींत हें हातांत घेऊन पाहतात, आणि मग जोड पाण्याखालीं धरून आंत हवा भरतात. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर शोधतात त्याच रीतीनें! बुडबुडा दिसला, तर टांका घालावयास तेव्हांच सवड असते.

हें सारें केवळ शंकेखोरपणाचें वाटूं नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१९ सालीं जाहीर केलें कीं, १ जानेवारी २०११ पासून ३१ मार्च २०१८ पर्यंत शरीराच्या आंत वापरावयाच्या टांचणयंत्रांविषयीं ४१,००० हून अधिक तक्रारी आल्या. त्यांत ३६६ मृत्यूंच्या, ९,००० हून अधिक गंभीर इजांच्या व ३२,००० हून अधिक बिघाडांच्या होत्या. प्रत्येक तक्रारींत दोष यंत्राचाच होता असें नव्हे, आणि शस्त्रक्रियांची एकंदर संख्या फार मोठी आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु यांतील पुष्कळ अहवाल पूर्वीं गोळाबेरीज करून सादर होत आणि लोकांच्या दृष्टीस पडत नसत, ही गोष्ट मात्र कांहीं केल्या समर्थनीय नाहीं. ज्या शस्त्रवैद्यास दुसऱ्याच्या अपघाताची वार्ताच नाहीं, तो सावध कशावरून होणार? २०२१ सालीं तेथें हीं यंत्रें कमी धोक्याच्या पहिल्या वर्गांतून काढून, कडक अटी असलेल्या दुसऱ्या वर्गांत घालण्यांत आलीं.

आपल्या देशांत अशा उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद घेणारी योजना २०१५ सालीं सुरू झाली. तिचें केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगांत आहे. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ सालीं होऊन १ जानेवारी २०१८ पासून अमलांत आले. परंतु नोंद व्हावयाची तर बिघडलेलें यंत्र कचऱ्यांत न टाकतां जपून ठेवावें लागतें, आणि त्याच्या वेष्टणावरील क्रमांक रुग्णाच्या कागदांत असावा लागतो. हें काम रुग्णालयाचें. पण कागदाची प्रत मागून घेण्यास घरच्या मंडळींना कोणाची आडकाठी नाहीं.

आणखी एक शंका वडगांवच्या मंडळींस हटकून येते: पोटांत राहिलेल्या त्या टांचण्यांचें पुढें काय? कांतडीवरच्या टांचण्या आठपंधरा दिवसांत काढतात, तशा या काढीत नाहींत. त्या बहुधा टायटेनियम धातूच्या असतात, गंजत नाहींत, आणि भोंवतीं मांस धरून जन्मभर तेथेंच राहतात. पुढेंमागें चुंबकाच्या यंत्रांतून तपासणी करण्याची वेळ आली, तर बहुधा त्यांची अडचण होत नाहीं. मात्र तपासणाऱ्यास आधीं तसें सांगून ठेवावें, आणि शस्त्रक्रियेचा कागद बरोबर न्यावा.