लंडनमधला पहिला दिवस



ऑफिसच्या कामाला जोडून लंडनमध्ये एक दिवस स्वतःच्या खर्चाने राहिले. टॉवर ऑफ लंडन तिकिटाचा आकडा बघून बाहेरूनच पाहिला. ब्रिटिश म्युझियम मात्र फुकट! रोझेटा शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत; इतिहासाच्या बाईंनी फळ्यावर काढली होती, तीच. बाहेर बाकावर बसून घरच्या दशम्या खाल्ल्या. मग ट्यूबपेक्षा स्वस्त म्हणून बसने किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. दारातूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. गिरणीतली पाळी संपवून रात्रशाळेत शिकलेले माझे अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "फोन हलवू नकोस गं, ती निळी पाटी वाचू दे."