लांब पल्ल्याची तयारी



मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात आणि त्यांपैकी काही शर्यती कित्येक दिवस चालतात. अशा अनेक शर्यतींत घड्याळ एकदा सुरू झाले की अखेरपर्यंत थांबत नाही. जेवण, झोप, पायांच्या फोडांवरील उपचार, सारे त्याच वेळात उरकावे लागते. या खेळातील एक उदाहरण विद्यार्थ्यांनी, आणि त्याहूनही पालकांनी, विचारात घेण्याजोगे आहे.

१९८३ साली ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची शर्यत झाली. तीत क्लिफ यंग नावाचे ६१ वर्षांचे, बटाट्याची शेती करणारे गृहस्थ उतरले. त्यांचे धावणे पाय घासत चालल्यासारखे दिसे. पहिल्या दिवशी ते इतरांच्या बरेच मागे पडले. परंतु रात्री इतर धावपटू विश्रांती घेत असता ते थोडक्या झोपेनंतर पुन्हा वाटेला लागले, आघाडीवर गेले आणि ५ दिवस, १५ तास व ४ मिनिटांत सर्वांच्या आधी मेलबर्नला पोहोचले. बक्षिसाचे १०,००० डॉलर त्यांनी सहस्पर्धकांत वाटून टाकले.

ही हकीकत जगभर सांगितली जाते. पण सांगता सांगता तिला परीकथेचे वळण मिळते. कोणी एक वृद्ध शेतकरी ऐनवेळी येऊन उभा राहिला आणि जन्मजात शक्तीच्या बळावर जिंकला, असे ऐकणाऱ्यास वाटते. वस्तुस्थिती याहून मोलाची आहे. मोठ्या शेतावर मेंढरांमागे धावण्यात यंग यांचे बालपण गेले होते. शिवाय १९८२ साली त्यांनी ऑटवे पर्वतराजीत कित्येक महिने सराव करून कोलॅक या गावी १,६०० किलोमीटर धावण्याचा विश्वविक्रम मोडण्याचा प्रयत्न केला होता. निम्मे अंतर जेमतेम पार होताच त्यांना तो सोडावा लागला. त्यांचा आणि त्यांच्या मदतनिसांचा अनुभव अपुरा ठरला होता. सिडनीचा विजय त्यानंतर काही महिन्यांनी आला. परीकथेत हे अपयश गाळले जाते आणि त्याबरोबर तिच्यातील शिकवणही गळून पडते.

हा भेद मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यश ही उपजत देणगी आहे, अशी ज्या मुलाची समजूत होते, ते पहिल्या अपयशालाच आपल्या कुवतीचा निकाल मानते. यशामागे तयारी असते हे ज्याला कळते, ते मूल तयारीत काय उणे राहिले याचा शोध घेते.

बहुदिवसीय शर्यतीची तयारी कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. धावपटू लागोपाठ दोन दिवस लांब अंतर धावतात; दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी निघण्याची सवय व्हावी, हा त्यामागील हेतू. साप्ताहिक अंतर हळूहळू वाढवतात आणि अधूनमधून मुद्दाम कमी करतात, कारण हृदय व स्नायू लवकर सरावले तरी हाडे व स्नायुबंध यांना अधिक काळ लागतो. चढावर चालणे यात कमीपणा मानत नाहीत. धावता धावता खाण्याची सवय पोटालाही लावावी लागते. तहान नसताना केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घातक प्रमाणात घटू शकते, हे शिकावे लागते. पाय सुजतात म्हणून थोडे मोठे बूट घेतात. झोप फारच कमी झाली तर डोळ्यांपुढे भास उभे राहतात. म्हणून कोठे व किती वेळ थांबावे, याचाही आराखडा असतो. पंढरीच्या वाटेवरील विसावा जसा वारीचाच भाग असतो, तशी येथे विश्रांती शर्यतीचाच भाग असते.

थांबण्याचा विवेक हा या खेळातील अवघड धडा आहे. १९९७ साली, पंचाहत्तरी गाठलेले यंग बेघर मुलांसाठी निधी उभारण्याकरिता संपूर्ण ऑस्ट्रेलियाला धावत प्रदक्षिणा घालण्यास निघाले. सुमारे १६,००० किलोमीटरपैकी ६,५२० किलोमीटर झाल्यावर त्यांचा एकमेव मदतनीस आजारी पडला आणि त्यांनी धाव थांबवली. अपुऱ्या राहिलेल्या त्या धावेमुळे त्यांची प्रतिष्ठा तिळभरही घटली नाही.

ज्या कोलॅकमध्ये त्यांचा प्रयत्न फसला होता, तेथेच पुढे सहा दिवसांची शर्यत भरू लागली. २००५ साली ग्रीसचे यानिस कुरोस यांनी तेथे सहा दिवसांत १,०३६ किलोमीटरहून अधिक अंतर धावून त्या काळचा विश्वविक्रम केला.

वाढत्या वयातील मुलांनी असे पल्ले मुळीच गाठू नयेत. त्यांची हाडे अजून घडत असतात. पण शाळेच्या मैदानावर, शेजारच्या मित्राशी बोलता येईल इतक्याच वेगाने, अर्धा तास धावणे प्रत्येक निरोगी मुलाला जमण्यासारखे आहे. पालकांनीही पहिल्या फेरीत मागे राहिलेल्या मुलाला लगेच हाक मारून बाहेर बोलावू नये. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या या शाळेच्या प्रांगणात क्रीडादिनी पहिल्या आलेल्याचे नाव पुकारले जातेच. शेवटची फेरी पूर्ण करून येणाऱ्यासाठीही तोवर सर्वांनी मैदानावर थांबावे.