एका दिवसाचा कोट, शंभर रात्रींचं जॅकेट

कामं उरकली असतील तर बसा. उरकली नसतील तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही गटातल्या पाचजणी मिळून बोलणार आहोत. विषय ऐकून तुम्ही हसाल. विषय आहे पुरुषांची जाकिटं, जॅकेटं आणि कोट.

तुम्ही म्हणाल, बायकांना याच्याशी काय करायचंय? पण बघा, त्यासाठी पैसे बाजूला काढतो आपण. ते कपडे धुतो आपण, उसवले तर टाका घालतो आपण. आणि घरधनी थंडीतून खोकत आले की रात्री उठून काढाही आपणच करतो. मग घेताना दुकानाबाहेर का उभं राहायचं?

आधी आमची एक चूक सांगतो. गेल्या पौषात गटाच्या बैठकीत एकाच दिवशी दोघींनी कर्ज मागितलं. एकीच्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलेलं. नवरदेवाला तीन तुकड्यांचा सूट पाहिजे, असं व्याह्यांनी सांगितलेलं. तिचं कर्ज आम्ही लगेच मंजूर केलं. लग्नाचं काम, त्यात कोण आडवं येणार? दुसरी आमच्यातली सगळ्यात गरीब स्वभावाची. ती खाली मान घालून म्हणाली, "ह्यांना रात्री गव्हाला पाणी द्यायला जावं लागतंय. एक जाड जॅकेट घ्यायचं होतं." आम्ही काय केलं? हसलो. "अगं, जॅकेटासाठी कुठं कर्ज काढतात का?" ती पण आमच्याबरोबर हसली आणि गप्प बसली.

शेतीपंपाची लाईट आपल्याकडे कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की मध्यरात्री दारं धरायला जावंच लागतं. त्यांचे मालक अंगात शर्ट आणि वर टॉवेल एवढ्यावर जायचे. एका रात्री पाट फुटला. कमरेपर्यंत भिजले आणि तसेच पहाटेपर्यंत वाऱ्यात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणले. दवाखाना झाला, दहा दिवस काम बुडालं. जॅकेटाला जेवढे लागले असते त्याच्या कितीतरी पट गेले. पुढच्या बैठकीत ती आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आणि तो सूट? वैशाखातलं लग्न, दुपारचा मुहूर्त, वर पत्र्याचा मांडव. मंगलाष्टकं संपायच्या आत नवरदेवानं कोट काढून करवल्याच्या हातात दिला. आता तो ट्रंकेत आहे. त्याचे हप्ते मात्र ती माउली अजून भरतेय.

तेव्हापासून आम्ही तीन प्रश्न ठरवले. पुरुषाचा कोणताही वरचा कपडा घ्यायचा तर आधी विचारायचं: किती वेळा घालणार? कुठल्या हवेत घालणार? आणि धुणार कोण, कसं?

पहिल्या प्रश्नाचा हिशेब सोपा आहे. कोट 4,000 रुपयांचा धरा. दोन लग्नांत घातला, तर एका वेळेला 2,000 रुपये पडले. थंडीचं जॅकेट 1,200 रुपयांचं धरा. एका हिवाळ्यात 50 रात्री, दोन हिवाळ्यांत 100 रात्री. एका रात्रीला 12 रुपये पडले. पाटीवर मांडून बघा, डोळे उघडतात.

आता हवेचं बघू. आधी थंडी.

जॅकेट स्वतः गरम नसतं, ऊब आपल्या अंगाची असते. ती बाहेर जाऊ न देणं एवढंच कपड्याचं काम. आपल्या गोधडीचं तेच आहे. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा कोंडते आणि ती हवा ऊब धरते. म्हणून एका जाडजूड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले. आत सुती बनियन-शर्ट, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. नुसता स्वेटर मोटारसायकलवर काही कामाचा नाही, विणीतून वारा आरपार जातो. नुसतं पातळ वारा-रोधक जॅकेटही भागत नाही, वारा अडतो पण ऊब धरत नाही. दोन्हींची जोडी पाहिजे.

म्हणून जॅकेट एक माप मोठं घ्या, आत स्वेटर बसला पाहिजे. घालून बघताना दोन्ही हात पुढे करून मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे धरायला सांगा. बाही मनगटाच्या वर गेली, पाठ उघडी पडली, तर ते माप नको. मनगटाला आणि कमरेला इलॅस्टिक असावं. गळ्यापर्यंत चेन जावी आणि चेनवर कापडाची पट्टी असावी, नाहीतर चेनच्या दातांतून वारा शिरतो. चेन दहा वेळा वरखाली करून बघा. दुकानात अडकली तर घरी तुटणार. आत भरण असेल तर शिवणीच्या चौकटी जवळजवळ आहेत का ते बघा. शिवण लांब लांब असेल तर दोन धुण्यांत सगळं भरण खाली गोळा होतं.

रंगाचं एक सांगतो. मळत नाही म्हणून आपण काळं-निळं घेतो. पण रात्रीच्या रस्त्यावर काळ्या जॅकेटातला माणूस ट्रकवाल्याला दिसत नाही. उजेड पडला की चमकणारी पट्टी मिळते, ती पाठीला आणि बाह्यांना शिवून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक, हे नीट ऐका. ही जॅकेटं बहुतेक नायलॉन-पॉलिस्टरची असतात. शेकोटीजवळ बसताना ठिणगी पडली तर भोक पडतं, आणि पेटलं तर कापड वितळून कातडीला चिकटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पहाटे चूल, शेकोटी असतेच. शेकायचं असेल तर जॅकेट काढून ठेवायचं, अंगावर घोंगडी घ्यायची. लोकर अशी भडकन पेटत नाही.

घोंगडीचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्या मेंढ्यांच्या लोकरीची, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी थोडी भिजली तरी ऊब सोडत नाही. सुती कपडा भिजला की गार पडतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. पाणी धरणाऱ्या माणसानं ओला शर्ट अंगावर ठेवू नये ते यासाठीच. डब्याच्या पिशवीत एक कोरडा शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्या. जॅकेट नसलं तरी हे तरी करा.

थंडी सुरू झाली की मोठ्या शहरांत तिबेटी लोकांचे स्वेटर-जॅकेटचे बाजार लागतात. आठवडी बाजारातही ढीग येतात, जुनीही मिळतात. जुनं घ्यायला लाज नाही. पण उलटं करून अस्तर, काखेची शिवण आणि खिसे बघा, आणि घरी आणल्यावर धुऊन, उन्हात वाळवूनच घाला.

आता पावसाळा. पूर्वी भात लावताना इरली होती, घोंगडीची खोळ होती. आता रेनकोट आला. रेनकोट उलटा करून शिवणी बघा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तरच घ्या. कापड कितीही चांगलं असलं तरी पाणी सुईच्या भोकांतूनच आत येतं. मोटारसायकलवर जाणाऱ्यांना कोट आणि पँट अशी जोडी बरी. शेतात वाकून काम करणाऱ्याला थोडा सैल आणि काखेत हवा जायला भोकं असलेला बरा, नाहीतर माणूस पावसानं नाही तर घामानं भिजतो. ओला रेनकोट घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. सावलीत पसरून वाळवा. इस्त्री तर लावूच नका.

उन्हाळा. उन्हाळ्यात जॅकेट कशाला, असं म्हणाल. पण आपली निम्मी लग्नं तर उन्हातच असतात! तिथं आमचं म्हणणं स्पष्ट आहे. सुती किंवा खादीचा कुर्ता आणि वर बिनबाह्यांचं जाकीट. अस्तर पॉलिस्टरचं नको, सुती असावं. त्याला नेहरू जाकीट म्हणा, आणखी काही म्हणा, माणूस रुबाबदार दिसतो आणि हात मोकळे राहतात. आपल्या वडीलधाऱ्यांची बंडी याच चालीची होती. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत किती शोभतात! शोभेला तीन तुकडे लागतात असं कुणी सांगितलं?

शिवाय हे जाकीट पुढे हळदीकुंकवाच्या पाहुण्यांत, ग्रामसभेत, बारशात, दिवाळीत चालतं. फिका किंवा मातकट रंग घ्या, कुठल्याही कुर्त्यावर जातो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, आणि बटणं लावून खाली बसता आलं पाहिजे. पंगतीत बसणार ना माणूस!

व्याह्यांनी सूट मागितला तर काय करायचं? भांडायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. आमच्यातल्या एकीनं यंदा कसं सांगितलं ते ऐका. "विहीणबाई, मुहूर्त भर दुपारचा आहे, पोराला घाम येईल. खादीचा कुर्ता आणि जाकीट घेऊ, वर्षभर वापरेल. सुटाचीच हौस असेल तर रिसेप्शनपुरता भाड्यानं आणू." विहीणबाईंना पटलं. त्यांनाही दुसऱ्या लेकीचं लग्न करायचंच होतं.

सूट, शेरवानी तालुक्याच्या गावी भाड्यानं मिळतात. दोन दिवस आधी घालून बघा. आधीचे डाग, फाटकं असेल तर दुकानदाराला तिथंच दाखवा आणि मोबाईलवर फोटो काढा. अनामत रकमेची पावती घ्या. नाहीतर आधीचा डाग आपल्या नावावर लागतो.

कोट विकत घ्यावा असा एकच प्रसंग आम्हाला पटतो, पोराची नोकरीची मुलाखत. तेव्हा भरजरी नको, साधा गडद निळा किंवा करडा घ्या. तोच पुढे लग्नालाही चालतो. बाहीखालून शर्टाची बोटभर कड दिसावी. नव्या कोटाच्या बाहीवर कंपनीची चिठ्ठी शिवलेली असते आणि मागच्या चिरेला फुलीचा टाका असतो. ते दोन्ही उसवून काढायचे असतात. पुष्कळ पोरं चिठ्ठी मिरवत जातात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवटचा प्रश्न, धुणार कोण. अस्तराचा कोट घरी धुतला तर त्याचा आकार जातो, तो ड्रायक्लीनला द्यावा लागतो. तो खर्च किमतीत धरा. लोकरीचं काही असेल तर गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात धुवा. पिळू नका, दोरीवर टांगू नका. सावलीत आडवं पसरा. गरम पाण्यात लोकर आटते, मग बापाचा स्वेटर लेकाला येतो. भरणाचं जॅकेट उलटं करून, चेन लावून धुवा. हिवाळा संपल्यावर पूर्ण वाळवून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. आणि धुण्याचं काम घरधन्यांनाही शिकवा, हात काही झिजत नाहीत.

आता आमच्या त्या मैत्रिणीचं सांगून थांबतो. यंदा दिवाळी झाल्यावर गटानं ठरवलं की कामाच्या कपड्यालाही कर्ज द्यायचं, जसं बियाण्याला देतो तसं. सहाजणींनी मागितलं. सगळ्या मिळून बाजाराला गेलो. सहा जॅकेटं एकदम घेतली म्हणून दुकानदारानं भावही कमी केला. पण त्याआधी त्याला घाम फुटला होता. कारण आमची ती न बोलणारी बाई पुढे झाली होती. एकेक जॅकेट उलटं करत होती, शिवणी ओढून बघत होती, प्रत्येक चेन दहा दहा वेळा वरखाली करत होती. तीन जॅकेटं तिनं परत ढिगात टाकली. आम्ही मागे उभ्या होतो, आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

तुमच्या गटात अशी कुणी खाली मान घालून काही मागत असेल, तर तिचं आधी ऐका. येतो आम्ही. नमस्कार.